फसव्या मेलचा माग

सांगली जिल्ह्यातल्या कडेगाव-विटा भागातले गलाई (सोनं-चांदी गाळण्याचे) व्यावसायिक देशभर सोन्याचा कस ठरवतात. मेलचाही कस लावता येतो. जीमेलमध्ये ‘शो ओरिजिनल’ उघडा. ‘रिसीव्ह्ड’च्या ओळी खालून वर वाचल्या की मेल कोणत्या सर्व्हरवरून आला ते दिसतं. मात्र खालच्या ओळी बनावट असू शकतात. आपल्या मेलसेवेने लिहिलेली वरची ओळच भरवशाची.

एप्रिल २०२२ मध्ये ट्रेझर या क्रिप्टो-वॉलेटच्या ग्राहकांना खोटं ॲप उतरवून घ्यायला सांगणारे मेल आले. माग निघाला तो मेलचिंप या मेल पाठवणाऱ्या कंपनीपर्यंत. पत्त्यांची यादी तिथूनच चोरीला गेली होती.

म्हणून प्रत्येक ठिकाणी वेगळा मेल-पत्ता द्या, म्हणजे गळती कुठे झाली ते कळेल. वॉलेटचे गुप्त शब्द कुणालाही सांगू नका. फसवणूक झालीच, तर लगेच १९३० या सायबर-फसवणूक हेल्पलाइनवर फोन करा.