पडद्याआडच्या लेखकाचा नवा मदतनीस

टेनिसपटू आंद्रे आगासीचं ‘ओपन’ हे २००९ सालचं आत्मचरित्र सुरू होतं कारकिर्दीच्या शेवटापासून: २००६ची यूएस ओपन, दुखरी पाठ, मग थेट बालपण. प्रदीर्घ मुलाखतींतून ते शब्दांत उतरवलं जे. आर. मोरिंगर यांनी, मुखपृष्ठावर मात्र त्यांचं नाव नाही.

अशा मुलाखतींच्या ढिगातून प्रकरणांचा आराखडा काढताना एआय फार कामाला येतं. एकाच प्रसंगाचे विखुरलेले उल्लेख ते एकत्र आणतं, तपशिलांतली विसंगती दाखवतं, पुढच्या बैठकीसाठी प्रश्न सुचवतं. प्रत्येक मुद्द्यापुढे ध्वनिमुद्रणातली वेळ जरूर मागावी. म्हणजे एआयने पदरचं घातलेलं वाक्य लगेच पकडता येतं. क्रम मात्र ते बहुधा जन्मापासूनच लावतं. शेवट आधी आणायचा का, हे लेखकाने ठरवायचं.

पुस्तक ॲमेझॉनच्या केडीपी या स्वयंप्रकाशन सेवेवर आणताना त्यात एआयने लिहिलेला मजकूर असेल, तर तसं ॲमेझॉनला कळवावं लागतं. आराखड्यापुरती मदत घेऊन लेखन स्वतः केलं, तर नाही.