सर्फिंग संस्कृती व टिकी संस्कृती यांचा परस्परसंबंध : मेळघाटातील ‘मुंडा’च्या संदर्भात

प्रस्तावना :
समुद्रापासून दूर असलेल्या वऱ्हाडात सर्फिंग, म्हणजे फळीवर उभे राहून लाटेसोबत किनाऱ्याकडे येण्याचा क्रीडाप्रकार, केवळ चित्रपटांतून व दूरचित्रवाणीवरून परिचित आहे. तथापि एका समाजाची विद्या आणि श्रद्धेच्या वस्तू दुसऱ्या समाजाच्या करमणुकीत प्रवेश करतात तेव्हा त्यांचे काय होते, हा प्रश्न मेळघाटालाही लागू पडतो. प्रस्तुत लेखात सर्फिंग व टिकी या दोन संस्कृतींच्या आधारे त्याचा विचार केला आहे.

सर्फिंगची वाटचाल :
हवाई बेटांवर या विद्येस ‘हेए नालू’ म्हणत. राजघराण्यातील स्त्री-पुरुषांपासून सामान्यांपर्यंत सर्वजण तिच्यात रमत. युरोपीय संपर्कानंतर आलेल्या रोगराईने लोकसंख्या झपाट्याने घटली, १८२० पासून मिशनऱ्यांचा प्रभाव वाढला आणि एकोणिसाव्या शतकात या खेळास उतरती कळा लागली. विसाव्या शतकाच्या प्रारंभी त्याचे पुनरुज्जीवन झाले. हवाई वंशाचा जॉर्ज फ्रीथ याने १९०७ मध्ये कॅलिफोर्नियात सर्फिंगची प्रात्यक्षिके केली. १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये जलतरणाचे सुवर्णपदक मिळविणारा ड्यूक कहानामोकू याने हा खेळ जगभर नेला. विद्या परदेशी गेली, परंतु गुरू हवाईयन होते.

टिकीचा उगम :
माओरी परंपरेत ‘टिकी’ हे आद्य मानवाचे नाव आहे. मार्केसास बेटांवर पूर्वज व देवतांच्या कोरीव मूर्तींसाठी याच कुळातील शब्द योजिला जातो. अमेरिकेत मात्र या शब्दास भिन्न अर्थ प्राप्त झाला. १९३० च्या दशकात हॉलिवूडमध्ये ‘डॉन द बीचकोंबर’ व ओकलंड येथे ‘ट्रेडर विक्स’ ही मद्यगृहे सुरू झाली. बांबू, गवती छपरे, रमची पेये आणि लाकडी मूर्ती यांतून तेथे एक कल्पित पॅसिफिक उभा राहिला. त्या निर्मितीसाठी पॉलिनेशियन माणसाची गरज नव्हती. अनेक ठिकाणी मद्य मिसळणारे कुशल कारागीर फिलिपिनो होते.

दोहोंचा संगम :
दुसऱ्या महायुद्धात पॅसिफिकमध्ये लढलेले सैनिक मायदेशी परतले, विमानप्रवास वाढला आणि १९५९ मध्ये हवाई अमेरिकेचे राज्य झाले. त्याच वर्षी ‘गिजेट’ या चित्रपटाने कॅलिफोर्नियातील सर्फिंग घरोघरी पोहोचविले. सर्फिंग करणारे तरुण गळ्यात टिकीचे पदक व अंगात हवाई सदरा घालू लागले. अशा रीतीने सर्फिंगने टिकीला तारुण्य दिले आणि टिकीने सर्फिंगला नेपथ्य पुरविले. पुढे दोन्ही वाटा भिन्न झाल्या. सर्फिंग अंगी बाणवावे लागते. त्यामुळे मूळ वारसांना त्यात पुन्हा अग्रस्थान मिळविता आले. २०२१ मध्ये पार पडलेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये हवाईयन वंशाच्या कॅरिसा मूर हिने महिलांचे पहिले सुवर्णपदक जिंकले. टिकीची मूर्ती मात्र विकत घेता येते. तिच्यामागील नाते विकत मिळत नाही.

मेळघाटाचा संदर्भ :
अमरावती जिल्ह्यातील धारणी व चिखलदरा तालुक्यांत कोरकू समाजाची मोठी वस्ती आहे. मृत आप्ताच्या स्मरणार्थ ‘सिडोली’ विधीत कोरीव लाकडी ‘मुंडा’ उभारण्याची त्यांची परंपरा आहे. त्यावर सूर्य, चंद्र व घोडेस्वार कोरलेले आढळतात. मृतास पूर्वजांच्या पंक्तीत स्थान देणारा हा विधी असल्याने मुंडा म्हणजे एका विशिष्ट व्यक्तीचे स्मारक होय. व्याघ्र प्रकल्पातील काही गावांचे पुनर्वसन अकोला जिल्ह्यातील अकोट तालुक्यात झाले आहे. गाव हलल्यावर पूर्वजांच्या या स्थानाशी नाते कसे राखावे, हा त्या कुटुंबांपुढील प्रश्न होय. दुसरीकडे चिखलदऱ्याचे पर्यटन वाढत आहे. उद्या मुंड्याची नक्कल उपाहारगृहाच्या दारी उभी राहिली, तर टिकीचीच पुनरावृत्ती होईल.

निष्कर्ष :
सांस्कृतिक देवाणघेवाण टाळता येत नाही आणि ती टाळण्याचे कारणही नाही. परंतु वारस सोबत आहेत काय, हा तिचा निकष असावा. मेळघाटात पर्यटकांसमोर काय मांडावे व काय मांडू नये, याचा निर्णय कोरकू समाजाने घ्यावा. गदली-सुसून नृत्य त्यांनी स्वेच्छेने दाखविणे आणि परक्याने त्यांच्या मृतांचे स्मारक शोभेसाठी वापरणे, यांतील अंतर नियोजनकर्त्यांनी ध्यानी घेणे अगत्याचे आहे.