मुखकोश, मास्क आणि चष्म्यावरील धुके

आषाढापासून भाद्रपदापर्यंत पवन मावळातील हवा इतकी ओलसर असते की शिरगाव-सोमाटण्याच्या पट्ट्यात वाळत घातलेले कपडे दोन-दोन दिवस दमट राहतात. चातुर्मासही नेमका याच काळात येतो. एरवी दर्शनावर समाधान मानणारे ज्येष्ठ या दिवसांत पूजेची वस्त्रे नेसून गाभाऱ्यात उभे राहतात. आठ पदरी मुखकोश नाकावर बांधला की दुसऱ्या-तिसऱ्या श्वासालाच चष्मा पांढरा होतो. हातात केशराची वाटी असते आणि समोरची मूर्ती दिसेनाशी होते.

ही अडचण किरकोळ समजू नये. नवांगी पूजेत अनामिकेने तिलक करताना नीट दिसले नाही, तर बोट भलतीकडे पडते, नख मूर्तीला लागते. आदल्या दिवसाचे केशर वाळाकुंचीने काढताना तर अंदाजाने चालणारा हात हमखास जास्त जोर लावतो. पाषाणाची झीज अशानेच होते. मग सोपा मार्ग म्हणून मुखकोश हळूच नाकाखाली ओढला जातो. आपला उच्छ्वास प्रभूंच्या अंगाला लागू नये, यासाठी जे वस्त्र बांधायचे, ते नाक उघडे ठेवून बांधल्यास त्याचे प्रयोजनच उरत नाही.

मास्कच्या बाबतीत हेच सर्वांनी पाहिले. पुणेकरांनी २००९ च्या स्वाइन फ्लूत तोंडाला रुमाल बांधले होते. पण खरी परीक्षा झाली ती ९ मार्च २०२० रोजी पुण्यात राज्यातील पहिले करोनारुग्ण आढळले त्यानंतर. २०२२ च्या गुढीपाडव्याला सक्ती उठेपर्यंत गल्ल्यावर बसणाऱ्या कितीतरी चष्मेवाल्यांचा मास्क हनुवटीवर असे. काट्यावरचा आकडा दिसत नाही, बिलावरची रक्कम वाचता येत नाही, ही त्यांची तक्रार खरी होती. परंतु श्वासाचा रोग नाकावाटेच शिरतो. नाक उघडे ठेवून लावलेला मास्क फक्त दंड वाचवीत होता.

येथे एक भेद लक्षात घ्यावा. आचार्य आनंदऋषीजी महाराजांचे छायाचित्र महाराष्ट्रातील अनेक स्थानकवासी घरांत असते. त्यात दोऱ्याने बांधलेली मुहपत्ती केवळ मुख झाकते, नाक मोकळे असते. बोलताना निघणाऱ्या उष्ण वाफेने वायुकायाच्या जीवांची विराधना होऊ नये, हा तिचा हेतू. नाकाचा श्वास तिच्यात कोंडत नाही, म्हणून चष्मा घालणाऱ्या साधू-साध्वींना धुक्याचा त्रास सहसा होत नाही. मुखकोश आणि मास्क यांचे काम नाक झाकल्याशिवाय होतच नाही. मुहपत्तीची सवय तेथे लावून चालणार नाही.

धुके धरते कसे? उच्छ्वास सुमारे ३४ अंश सेल्सिअस उष्ण आणि बाष्पाने भरलेला असतो. कापड जितके जाड, तितकी हवा त्यातून कमी जाते आणि कडेची फट शोधते. नाकाच्या दोन्ही बाजूंना ती फट आयतीच मिळते. वर आलेली ही हवा पावसाळी दिवसातल्या थंड काचेला लागते आणि बाष्पाचे सूक्ष्म थेंब होतात. प्रत्येक थेंब प्रकाश विखुरतो, म्हणून काच पांढरी दिसते. गाभाऱ्यात प्रक्षालाचे पाणी, दिवे आणि माणसांची दाटी यांमुळे हवेत आधीच ओल असते. तेथे धुके लवकर विरतही नाही.

तेव्हा पहिला उपाय वरची कड बंद करण्याचा. मास्कमधील धातूची पट्टी दोन्ही हातांच्या बोटांनी नाकाच्या उंचवट्यावर, गालापर्यंत दाबून बसवावी. मुखकोशाला पट्टी नसते. म्हणून वरच्या कडेची एक घडी आत दुमडून जाडी करावी, ती नाकावर घट्ट बसेल अशी गाठ मागे बांधावी आणि चष्मा त्या कडेवर टेकवावा. फ्रेमच्या भाराने कापड दाबले जाते. खालची बाजू थोडी सैल राहिली तर श्वास छातीकडे उतरतो.

दुसरा उपाय शस्त्रक्रिया करणाऱ्यांकडून आलेला. इंग्लंडच्या रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्सच्या नियतकालिकात २०११ साली दोन डॉक्टरांनी तो लिहिला होता: मास्क लावण्यापूर्वी काचा साबणाच्या पाण्याने धुवाव्यात, पाणी झटकावे आणि हवेवर वाळू द्याव्यात. काचेवर राहिलेला साबणाचा अदृश्य पापुद्रा पाण्याचा पृष्ठताण कमी करतो. मग थेंब न होता पाणी पातळ पसरते आणि आरपार दिसते. आपल्याकडे पूजेपूर्वी स्नान असतेच. त्याच वेळी गाळलेल्या पाण्यात भांड्यांच्या द्रव साबणाचा एक थेंब टाकून हे उरकता येते. परिणाम काही तासच टिकतो, म्हणून रोज करावे. राख, टूथपेस्ट किंवा धोतराचा कोरडा सोगा काचेला लावू नये. चरे पडतात आणि वरचा लेप जातो.

कापलेला बटाटा काचेवर चोळण्याचा एक सल्ला सर्वत्र फिरतो. आपल्या घरांत तो प्रश्नच उद्भवत नाही. पाणबुडे काचेला थुंकी लावतात, तेही देरासरात अशक्य. बाजारातील धुकेरोधक फवाऱ्यांविषयी मात्र सावध असावे. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या तपासणीत अशा फवाऱ्यांत आणि कापडांत शरीरात व निसर्गात दीर्घकाळ टिकणारी फ्लोरिनयुक्त रसायने आढळली. साबणाच्या एका थेंबाने होणाऱ्या कामासाठी नाकाडोळ्यांजवळ ती कशाला आणावीत?

एवढे करूनही काच धूसर झाली, तर पूजा क्षणभर थांबवून बाहेर रंगमंडपात यावे आणि काच निवळू द्यावी. पायरीवर असताना धुके धरले तर चालत-चालत चष्मा काढू नये. ओल्या संगमरवरावर, विशेषतः दुहेरी नंबरचा चष्मा असणाऱ्यांनी, जागीच उभे राहून कठडा धरावा, मुखकोश नाकावरून न उतरवता वरची कड दाबावी आणि पायरी दिसू लागल्यावरच पाऊल टाकावे.