कापूस परीक्षण यंत्रातील प्रकाशीय दोषांचा शोध

वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट हे कापसाचे जुने बाजारकेंद्र होय. रुईची प्रत ठरविताना पारखी नजरेच्या जोडीला आता एचव्हीआय यंत्र आले आहे. परावर्तित प्रकाशावरून ते रुईची शुभ्रता (आरडी) व पिवळेपणा (+बी) मोजते. कचऱ्याचे कण कॅमेरा टिपतो. हे सर्व मापन एका काचेतून होत असल्याने संशयाची पहिली जागा तीच.

प्रमाणित सिरॅमिक टाइलचे वाचन चुकले की तत्काळ अंशांकन करण्याचा मोह होतो. तो टाळावा. मळक्या काचेवर केलेले अंशांकन दोषालाच प्रमाण मानते. पुढे काच पुसली की रुई वाजवीपेक्षा शुभ्र दिसू लागते! म्हणून आधी काच व टाइल स्वच्छ करावी, दिवा स्थिर होऊ द्यावा. सर्व टाइल्समध्ये फरक एकाच दिशेचा असल्यास दिवा तपासावा; एकीतच असल्यास ती टाइल.

कॅमेऱ्यासाठी नमुना फिरवून पाहणे पुरेसे आहे. ठिपका नमुन्याबरोबर सरकला तर तो कचरा; जागीच राहिला तर काचेवरील डाग. असा डाग प्रत्येक नमुन्याच्या कचऱ्यात मिळविला जातो आणि स्वच्छ वेचणी करणाऱ्या शेतकऱ्याच्या मालाचीही प्रत उतरते.