कोल्हापूरचे अनेक धंदे, इचलकरंजीचा एक

इचलकरंजीला लोक ‘महाराष्ट्राचे मँचेस्टर’ म्हणतात आणि गावाला त्याचा अभिमान आहे. तो असायलाच हवा. १९०४ मध्ये विठ्ठलराव दातार यांनी इथे पहिला यंत्रमाग आणला, जहागीरदार नारायणराव बाबासाहेब घोरपडे यांनी पाठबळ दिले, आणि पुढच्या दोन-तीन पिढ्यांत पंचगंगेकाठच्या या गावात गल्लोगल्ली माग खडखडू लागले. १९८२ च्या जानेवारीत मुंबईतले सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. त्यानंतर गिरण्या पूर्वीसारख्या उभ्या राहिल्याच नाहीत, आणि त्यांचे बरेचसे काम भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या मागांकडे आले.

तिथून तीसेक किलोमीटरवर कोल्हापूर. या शहराला असे एकच बिरुद लावता येत नाही. शाहूपुरीत गुळाची पेठ, शिवाजी उद्यमनगरात लेथचे कारखाने, शिरोली आणि गोकुळ शिरगावला फौंड्र्या, भोवतीच्या गावांतून दूध, शहरात चपलांची ओळ, अंबाबाईच्या दर्शनाला येणाऱ्यांवर चालणारी हॉटेले आणि धर्मशाळा, जवळच हुपरीला चांदीचे पैंजण. जिल्हा एकच, नदी एकच, सहकाराची परंपराही एकच. तरी मंदीचे वर्ष आले की ही दोन शहरे ते वेगवेगळ्या रीतीने सोसतात.

आधी इचलकरंजीची बाजू नीट मांडली पाहिजे, कारण एका धंद्यावर उभे राहणे हा काही वेडेपणा नसतो. असे गाव भराभर वाढते. सूत व्यापारी, सायझिंग, वहिफणीवाले, जॉबर, कांडीवाले, घडी कामगार, प्रोसेस, ट्रान्सपोर्ट अशी सगळी साखळी हाकेच्या अंतरावर असते. मागाचा सुटा भाग मोडला तर तो पलीकडच्या गल्लीत मिळतो, आणि बसवणारा माणूसही तिथेच भेटतो. भांडवल नसलेल्यालाही धंद्यात शिरायला वाट असते. तो ‘खर्चीवाला’ होतो, म्हणजे सूत व्यापाऱ्याचे, कापडही व्यापाऱ्याचेच, आपण आपल्या मागावर विणून द्यायचे आणि मजुरी घ्यायची. इंग्रज अर्थतज्ज्ञ आल्फ्रेड मार्शल यांनी १८९० मध्ये लिहिले होते की अशा ठिकाणी धंद्याची गुपिते गुपिते राहत नाहीत, ती जणू हवेतच असतात आणि मुले ती नकळत शिकतात. इचलकरंजीत वाढलेल्या कुणालाही हे पटेल. सूत हाताने चाचपून पाहणारे पोर तिथे नवलाचे नसते.

अडचण सुरू होते ती सुताचा भाव चढतो आणि कापडाला उठाव नसतो तेव्हा. पहिला फटका खर्चीवाल्याला बसतो. व्यापारी सूत देणे थांबवतो, माग थांबतात. कामगाराची मजुरी मीटरवर आणि पिकावर (कापडातल्या आडव्या धाग्यांवर) ठरलेली, म्हणजे माग थांबला की कमाई त्याच दिवशी थांबली. तो शेजारच्या कारखान्यात जाऊन विचारतो, तर तिथेही कुलूप. मग खानावळीची उधारी वाढते, किराणावाला हात आखडता घेतो, खोलीचे भाडे थकते. मागवाला बँकेचा हप्ता भरायला माग विकायला काढतो, पण त्याच आठवड्यात आणखी पन्नास जणांनीही माग काढलेले असतात, आणि मग माग भंगाराच्या भावाने किलोवर जातात. बँकेने तारण धरलेली मालमत्ताही तीच. तिची किंमत उतरली की बँकही अडचणीत येते आणि चांगल्या चाललेल्या धंद्यालाही कर्ज देताना कचरते. दुखणे एका धंद्याचे असते, पण सगळे गाव त्याच एका धंद्याला बांधलेले असल्याने आजारी सगळे गाव पडते.

खुद्द मँचेस्टरबद्दल शहरांच्या अभ्यासक जेन जेकब्स यांनी १९६९ मध्ये ‘द इकॉनॉमी ऑफ सिटीज’ या पुस्तकात हाच मुद्दा मांडला. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर मँचेस्टर म्हणजे उद्याचे शहर असे सगळे मानत होते. तिथे अवाढव्य कापड गिरण्या होत्या. बर्मिंगहॅममध्ये मात्र बंदुका, गुंड्या, टाकाच्या निबा, दागिने असल्या शेकडो लहान कारखान्यांचा पसारा होता. जेकब्स यांचे म्हणणे असे की कापडाचा जोर ओसरल्यावर मँचेस्टर खचले आणि बर्मिंगहॅम टिकले, कारण तिथे एका कामातून दुसरे काम सतत फुटत होते.

कोल्हापुरात हे फुटणे जवळून पाहता येते. शाहू महाराजांनी १८९५ मध्ये शाहूपुरी पेठ वसवली, गुळाचा व्यापार तिथे जमला. १९०६ मध्ये शाहू मिलची उभारणी सुरू झाली, पुढे राधानगरी धरणाचे काम हाती घेतले गेले. पाणी आले तसा ऊस वाढला, उसामागे गुऱ्हाळे वाढली. गुऱ्हाळाचा घाणा आधी बैल ओढत, मग तो इंजिनावर आला. विहिरीचे आणि नदीचे पाणी उपसायलाही ऑइल इंजिन हवे. इंजिन आले की ते बिघडणार, ते दुरुस्त करणारा मिस्त्री लागणार. आणि दुरुस्त करता करता त्या मिस्त्रीच्या लक्षात येते की हे आपल्यालाही बनवता येईल. म्हादबा मेस्त्री, वाय. पी. पोवार यांची नावे उद्यमनगरात आजही आदराने घेतली जातात ती याच कामासाठी. इंजिनाला बिडाचे कास्टिंग हवे, म्हणून फौंड्री. कास्टिंगच्या साच्याला लाकडी पॅटर्न हवा, म्हणून सुताराला नवे काम. गावोगावी वीज पोचली तसा ऑइल इंजिनाचा खप उतरला, पण ओतकाम आणि लेथ जाणणारे हात तेच होते. ते ट्रक आणि ट्रॅक्टरच्या सुट्या भागांकडे वळले. एक माल गेला, हुन्नर राहिले.

सिनेमाही याच हातांनी घडवला. बाबूराव पेंटर मिस्त्रीकाम करणाऱ्या घराण्यातले. पडदे रंगवता रंगवता त्यांनी कोल्हापुरातच देशी कॅमेरा तयार केला, १९१७ मध्ये महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली, आणि तिथे शिकलेल्यांनी १९२९ मध्ये ‘प्रभात’ ही चित्रपट कंपनी सुरू केली. चार वर्षांत प्रभात पुण्याला गेली हे खरे, पण चित्रकला आणि लेथ यांची गाठ एका शहरात पडल्याखेरीज ती जन्मालाच आली नसती.

धंद्यांच्या या मिश्रणाचा परिणाम सर्वांत स्पष्ट दिसतो तो घरखर्चात. करवीर किंवा कागल तालुक्यातले कुठलेही मध्यम घर घ्या. पाऊण एकर ऊस, दारात दोन म्हशी, थोरला मुलगा फौंड्रीत मोल्डिंगला, धाकटा टेम्पोवर. उसाचे बिल वर्षाकाठी येते. ऊस कारखान्याला दिल्यापासून १४ दिवसांत एफआरपी (उसाचा ठरलेला किमान दर) द्यावी असा नियम असला तरी ते लांबते, हे शेतकऱ्याला चांगले ठाऊक आहे. फौंड्रीचा पगार महिन्याला. टेम्पोचे पैसे रोजच्या रोज. आणि दुधाचे बिल दहा दिवसांनी. उसाच्या पैशात घराचा स्लॅब पडतो किंवा लग्न होते, पगारातून हप्ते जातात, आणि दहा दिवसांच्या बिलावर चूल चालते. ते बिल अनेक घरांत बाईच्या हातात असते, आणि मला वाटते कोल्हापूरच्या खेड्यांतल्या किराणा दुकानांची उधारी फार चढत नाही याचे मोठे कारण हे दहा दिवसांचे बिलच आहे. १९६३ पासून ‘गोकुळ’ दूध संघाने जिल्ह्याला दूध संकलनाची जी घडी बसवून दिली तिचा हा हिशेब नफ्या-तोट्याच्या पत्रकात दिसणार नाही. फौंड्रीत एक पाळी बंद झाली तरी अशा घराचे एक उत्पन्न थांबते, तीन चालू राहतात. दुकानदाराचे गिऱ्हाईक तुटत नाही, आणि दुकानदार टिकला म्हणून त्याच्याकडचा पोरगाही टिकतो.

पण धंद्यांची नुसती संख्या मोजून समाधान मानू नये. धंदे दहा असले आणि दहाही एकाच गिऱ्हाइकाकडे तोंड करून उभे असले, तर ती विविधता वरवरची. बर्मिंगहॅमचेच पुढे तसे झाले. विसाव्या शतकात ते मोटारींवर फार विसंबले आणि १९७०-८० च्या दशकांत मोटारींबरोबर खाली आले. कोल्हापूरच्या फौंड्र्या, मशीन शॉप, पॅटर्नवाले, वाहतूकदार हे चार धंदे दिसतात, पण त्यातल्या बहुतेकांची नाडी वाहन उद्योगाच्या हातात आहे. २०१९ मध्ये गाड्यांची विक्री घसरली तेव्हा चौघांनाही ते एकदमच जाणवले. विजेवरच्या गाडीला इंजिनाचा ब्लॉक आणि हेड लागत नाही. त्यामुळे हा प्रश्न इथे आता पुढच्या पिढीचा राहिलेला नाही. शेतीकडेही तसेच. ऊस, साखर, गूळ, मळी ही नावे वेगवेगळी, पीक एकच. आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेला पूर आला, शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग कित्येक दिवस बंद राहिला, तेव्हा दूध, कास्टिंग आणि भाजी तिन्ही एकाच रस्त्यावर अडकली होती.

आणखी एक उणीव मला सलते. १९६२ पासून इथे शिवाजी विद्यापीठ आहे, इंजिनिअरिंगची कॉलेजे आहेत, पण शिकलेल्या मुला-मुलींना साजेल असे काम या मिश्रणात कमी आहे. ती पुण्याला जातात. हाताच्या कौशल्यात हे शहर समृद्ध आहे. संगणक, डिझाइन, संशोधन या बाजूला त्याचे ताट अजून रिकामे आहे.

‘एक जिल्हा, एक उत्पादन’ या योजनेत अन्नप्रक्रियेसाठी कोल्हापूरच्या वाट्याला गूळ आला. बाजारात ओळख मिळवायला हे उपयोगी आहे, आणि कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकनही आहे. मात्र जिल्ह्याचे नियोजन एका उत्पादनाच्या हिशेबाने करणे घातक ठरेल. फौंड्र्यांना पंप, व्हॉल्व्ह, शेती अवजारे यांच्या ऑर्डरी मिळवून देणे ही आज निकडीची गोष्ट आहे. इचलकरंजीत विणलेले पुष्कळ कापड अजूनही कोरेच बाहेर जाते आणि दुसरीकडे शिवले जाते. ते शिवणकाम गावातच वाढले तर मागावर काम न करणाऱ्या बायकांनाही पगार मिळेल. मागाचे सुटे भाग करणारे लेथवाले तिथे पिढ्यान्‌पिढ्या आहेत, आणि पंडितकाका कुलकर्णी यांनी त्याच गावात अचूक मोजमापाची यंत्रे बनवणारा कारखाना उभारून मागापलीकडे जाता येते हे दाखवून दिले आहे. २०२२ मध्ये इचलकरंजीची महापालिका झाली. तिने आणि जिल्हा उद्योग केंद्राने या लेथवाल्यांची नुसती यादी केली, कोणाच्या मशीनवर काय होऊ शकते हे नोंदवले, आणि ती यादी शिरोलीच्या फौंड्रीवाल्यांपुढे ठेवली, तरी तीस किलोमीटरच्या आतच पुष्कळ काम निघेल.