चष्म्याचा नंबर व्यायामाने उतरतो का?

डोळ्यांच्या व्यायामाने चष्मा सुटतो, हा दावा शंभर वर्षे जुना आहे. न्यूयॉर्कचे नेत्रवैद्य विल्यम बेट्स यांनी १९२० साली पुस्तक काढून तो मांडला. डोळ्याबाहेरचे स्नायू ताणले की नंबर येतो, सैल सोडले की जातो. जवळ-दूर पाहताना आतले भिंग आकार बदलत नाही, असे त्यांचे म्हणणे. भिंग आकार बदलते, हे हेल्महोल्ट्झ यांनी एकोणिसाव्या शतकातच दाखवले होते. तरी ही पद्धत टिकली, भारतातही रुजली, आणि आता मोबाइलवरून रोज नव्याने घरी येते.

मायनस नंबर बहुधा डोळ्याच्या लांबीमुळे येतो. प्रौढाचा डोळा पुढून मागे साधारण २४ मिलिमीटर असतो. तो एक मिलिमीटर जास्त लांबला तरी नंबर उणे अडीच-तीनपर्यंत जातो, कारण प्रतिमा दृष्टिपटलाच्या अलीकडेच तयार होते. बुबुळे गरगर फिरवून ही लांबी घटवणे म्हणजे सूर्यनमस्कार घालून उंची कमी करणे. चाळिशीचे कारण वेगळे: तिथे भिंगच ताठर होते. अमेरिकन अकॅडमी ऑफ ऑप्थॅल्मॉलॉजीने २००४ साली उपलब्ध अभ्यास तपासले. व्यायामाने नंबर उतरतो याला पुरावा मिळाला नाही.

मग ‘फरक पडला’ म्हणणारे खोटे बोलतात का? नाही. चष्मा काढून ठेवला की मेंदू धूसर प्रतिमेला सरावतो, तक्त्यावरची अक्षरे पाठ होतात, डोळे बारीक केले की थोडे स्पष्ट दिसते. मोजणी केली की नंबर तोच. साठीनंतर पेपर अचानक बिनचष्म्याने वाचता येऊ लागला, तर तो मोतीबिंदूचाही परिणाम असू शकतो. श्रेय मात्र त्राटकासारख्या व्यायामाला मिळते.

या व्यायामांपैकी तळहात डोळ्यांवर ठेवण्याने आराम वाटतो, अपाय नाही. सूर्याकडे टक लावणे मात्र धोक्याचे. दृष्टिपटल कायमचे भाजू शकते.

व्यायाम अगदीच निरुपयोगी नाहीत. जवळ पाहताना दोन्ही डोळे नीट आत वळत नसतील, तर नेत्रतज्ज्ञांच्या देखरेखीखालचे व्यायाम उपयोगी पडतात. नंबराशी त्यांचा संबंध नाही.

गाजराने नंबर जात नाही. ‘अ’ जीवनसत्त्वाच्या अभावाने येणारा रातांधळेपणा टळतो. चष्म्याने नंबर वाढत नाही. मलेशियातील २००२ च्या अभ्यासात मुद्दाम कमी नंबराचा चष्मा दिलेल्या मुलांचाच नंबर अधिक वेगाने वाढला. मुलांना उजेडात बाहेर खेळू देण्याचा मात्र उपयोग होतो. चीनमधील ग्वांगझूच्या शाळांत रोज ४० मिनिटे जादा मैदानी वेळ दिल्यावर तीन वर्षांत नव्याने चष्मा लागण्याचे प्रमाण सुमारे ४० टक्क्यांऐवजी ३० टक्के राहिले. लागलेला नंबर त्यानेही उतरत नाही.