डेंग्यू: अँटिबॉडी असूनही दुसऱ्यांदा धोका का?
रक्तात अँटिबॉडी सापडल्या म्हणजे आता काळजी नाही, हा समज डेंग्यूच्या बाबतीत घातक आहे. या विषाणूचे चार प्रकार आहेत. एकाविरुद्धच्या अँटिबॉडी दुसऱ्याला चिकटतात खऱ्या, पण अपुऱ्या असल्या तर त्याला निकामी करण्याऐवजी पेशींत शिरायला मदतच करतात. निकाराग्वातल्या मुलांवरच्या, 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात गंभीर आजाराचा धोका मधल्या पातळीच्या अँटिबॉडी असलेल्यांना सर्वाधिक दिसला. भरपूर असलेल्यांना नव्हे, अजिबात नसलेल्यांनाही नव्हे. कोणी विचारेल, मग दुसऱ्यांदा डेंग्यू झालेले बहुतेक जण बरे कसे होतात? होतातच, धोका वाढतो, अटळ होत नाही. पण ताप उतरतानाच प्रकृती बिघडू शकते. तेव्हा पोटात जोरात दुखलं, उलट्या थांबेनात किंवा हिरड्यांतून रक्त आलं, तर तडक रुग्णालय गाठा.